टँकरच्या मागे काय लिहिलंय?

गेल्या वेळी या सदरात ज्वलनशील माल वाहणाऱ्या गाड्यांबद्दल ओझरता उल्लेख केला होता, तेवढ्यावर एवढी पत्रं आलीत की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवतोय. इन्कम टॅक्सवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज.

प्रश्न : नमस्कार सर. मी कामानिमित्त पनवेल-पुणे सारखा करतो. बोरघाटात हमखास एखादा टँकर पुढे असतो आणि मागच्या पाटीवर ३ वाय ई आणि १२०३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्यासारख्या साध्या माणसाला त्याचा काय उपयोग? आणि असा टँकर डोळ्यादेखत उलटला तर नेमकं करायचं काय? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : उपयोग आहे आणि तुम्हालाच जास्त आहे, कारण टँकर उलटला की फायर ब्रिगेड यायच्या आधी तिथे तुम्हीच असणार. त्या पाटीला इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनल म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १३४ नंबरचा नियम. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे अशा तीन ठिकाणी ती पाहिजे, मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरात, यूएनचा नंबर (म्हणजे मालाचा चार आकडी नंबर, तुमचं ते १२०३) किमान १०० मिलिमीटरच्या आकड्यात, धोक्याचं चित्र असलेला कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो ना तो किमान २५० मिलिमीटरचा, शिवाय इमर्जन्सीचा आणि माल पाठवणाऱ्याचा फोन नंबर. मापं एवढी काटेकोर का, तर लांबून वाचता यावं म्हणून. जवळ जाऊन वाचावी लागली तर मग पाटीचा काय फायदा.

आता तुमचं ३ वाय ई. १२०३ म्हणजे पेट्रोल, जगात कुठेही जा हाच नंबर. डिझेल १२०२, क्लोरीन १०१७, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. वरचा कोड फायर ब्रिगेडसाठी असतो. पहिला आकडा कशाने विझवायचं ते सांगतो, १ म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, २ म्हणजे बारीक तुषार, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडी पावडर किंवा वाळू, म्हणजे पाणी अजिबात लावायचं नाही. मधल्या अक्षरात बरंच काही भरलंय, वाय असेल तर श्वसनयंत्र लावूनच जवळ जा, माल भडकू किंवा फुटू शकतो, आणि सांडलेलं धुऊन गटारात घालवू नका, अडवून ठेवा. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. हे सगळं तुम्ही पाठ करायची गरज नाही. ई दिसलं की लांब जायचं आणि चार आकडी नंबर फोनवर सांगायचा, एवढं आलं तरी खूप झालं.

उलटलाच तर आधी वारा बघा. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला जायचं, आणि जमलं तर चढाकडे, कारण पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, ते उताराला, नाल्यात, मोरीत जाऊन बसतात. वास येत असेल किंवा जमिनीलगत पांढरं धुकं दिसत असेल तर गाडी चालू करायचा मोह टाळा, तशीच सोडा आणि चालत निघा. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांक्रोट्याला अजमेर हायवेवर हेच झालं होतं. यू टर्न घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला, मागचे नोझल तुटले, गॅसचा ढग रस्त्यावर पसरला आणि पेटला, त्यात प्रवासी बससकट कितीतरी गाड्या जळाल्या. टँकरपासून चांगल्या लांब असलेल्या गाड्यासुद्धा वाचल्या नाहीत. तुमच्या घाटातलंच हवं असेल तर १३ जून २०२३, खंडाळ्याजवळ एक्स्प्रेसवेच्या पुलावर टँकर उलटून पेटला आणि पेटतं द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले, त्यात खालच्या रस्त्याने जाणारे लोक होते, ज्यांचा वर काय चाललंय याच्याशी काही संबंध नव्हता.

लांब गेल्यावर ११२ लावा, ठिकाण किलोमीटरच्या दगडासकट सांगा, पाटीवरचा नंबर सांगा. लांबून मोबाईलचा झूम वापरला तर नंबर दिसतो. व्हिडिओ काढत पुढे जाणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय. आणि कॅन घेऊन पेट्रोल भरायला धावणारे, ते तर आपल्याकडे प्रत्येक वेळी असतातच. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्कियाला २५ जून २०१७ ला असाच टँकर उलटला, गावकरी बादल्या, बाटल्या घेऊन आले, भडका उडाला आणि दोनशेच्या वर माणसं मेली. फुकटच्या पाच लिटरसाठी.

प्रश्न : सर मी केमिकल टँकर चालवतो. आमचे शेठ पाटी बदलत नाहीत. कधी मिथेनॉल भरतो कधी ॲसिटिक ॲसिड, मागे पाटी मात्र वर्षभर एकच. ट्रेम कार्ड (मालाचा धोका काय आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेला कागद) मागितलं की म्हणतात ऑफिसात आहे, लागलं तर व्हॉट्सॲपवर पाठवतो. पोलिसांनी धरलं तर कोण अडकणार, मी का ते? (एक ड्रायव्हर, तळोजा)

उत्तर : दोघंही अडकणार दादा, आणि माल भरून देणारी कंपनीपण. वर सांगितलेल्या मोटार वाहन नियमांतला नियम १३१ माल पाठवणाऱ्यासाठी आहे, १३२ गाडीमालकासाठी, १३३ तुमच्यासाठी. माल काय आहे, त्याचा धोका काय ही माहिती कंपनीने लेखी द्यायची, मालकाने ती ड्रायव्हरला समजलीय याची खात्री करायची, आणि ट्रेम कार्ड तुमच्या कॅबिनमधे, हाताला लागेल असं पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणजे काय, तुम्ही बेशुद्ध पडलात तर तुमच्या मोबाईलचा लॉक कोण उघडणार? कार्ड तुमच्यासाठी आहे त्याहून जास्त तुम्हाला बाहेर काढायला येणाऱ्या माणसासाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९० कलमात अशा गाडीचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा असे दोघंही येतात.

पण दंडाचं सोडा. तुम्ही जी दोन नावं लिहिलीत ती नीट बघा. मिथेनॉल दिवसाउजेडी जळत असलं तर ज्योत जवळपास दिसतच नाही, माणूस सरळ आगीत चालत जाईल. त्याला साधा फोमपण चालत नाही, तो फोम मिथेनॉलमधे विरघळून फुकट जातो, अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो, म्हणूनच त्याच्या कोडमधे आकड्याच्या आधी एक टिंब असतं. आता तुमच्या टँकरमधे मिथेनॉल आहे आणि पाटी ॲसिटिक ॲसिडची, म्हणजे मुख्य चिन्ह काय तर हातावर आणि लोखंडावर थेंब पडतोय त्या क्लास ८ चं, म्हणजे कातडी आणि धातू खाणाऱ्या मालाचं. घाटात रात्री दोन वाजता आलेला फायरमन ती पाटी वाचून तयारी करणार ती ॲसिडची. चुकीच्या पाटीपेक्षा कोरी पाटी बरी असं मी म्हणणार नाही, पण कोऱ्या पाटीला निदान माणूस घाबरून लांब थांबतो.

करायचं काय, तर शेठशी वाद घालून नोकरी घालवण्यापेक्षा माल भरतानाच कंपनीच्या गेटवर बोला. बऱ्याच मोठ्या कंपन्यांमधे भरण्याआधी चेकलिस्ट असते, पाटी, ट्रेम कार्ड, फायर एक्स्टिंग्विशर, फर्स्ट एड, सायलेन्सरचा स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा), तुमच्या लायसन्सवरचा धोकादायक मालाचा शेरा. तिथल्या सेफ्टीवाल्याला म्हणा पाटी जुनी आहे, बदलल्याशिवाय भरू नका. तो शेठला फोन करेल, तुमचं नाव येणार नाही. सरकवून बदलता येणाऱ्या पाट्या मिळतात, त्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतात, शेठला हा हिशोब कळेल. अजून एक, ढाब्यावर जेवायला थांबलात तर भरलेली गाडी एकटी सोडायची नाही, तुम्ही नाहीतर अठरा वर्षांवरचा दुसरा जबाबदार माणूस गाडीपाशी पाहिजे, तेही नियम १३३ मधेच आहे. बारा-चौदा वर्षांचा क्लीनर बसवून चालत नाही, आणि तसा पोरगा कामाला ठेवणं हा वेगळाच गुन्हा.

प्रश्न : माझ्या भाच्याकडे हेवी लायसन्स आहे, त्याला टँकरवर जायचंय, पगार जास्त मिळतो म्हणे. काय काय लागतं? (एक मामा, मनमाड)

उत्तर : पानेवाडीच्या तेल डेपोंमुळे तुमच्याकडे हा प्रश्न घरोघरी असणार. मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं ट्रेनिंग मान्यताप्राप्त संस्थेत करायचं, सर्टिफिकेट घेऊन आरटीओत लायसन्सवर शेरा मारून घ्यायचा. तो शेरा आता तीन वर्षं चालतो, आधी एकच वर्ष चालायचा. नूतनीकरणाला एक दिवसाचं ट्रेनिंग. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता वाचता आली पाहिजे ही अट आहे. तीन दिवस न बसता सर्टिफिकेट देतो म्हणणारे एजंट भेटतील, मामा म्हणून तिथे तुम्ही आडवे व्हा. भाच्याला एकच गोष्ट तिथे नीट शिकून यायला सांगा, अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा वागतो ती. पूर्ण भरलेल्यापेक्षा तो वाईट, आतलं द्रव एका बाजूला धावतं आणि स्टिअरिंग फिरवून झाल्यावर गाडी ओढते.

प्रश्न : आमचं हायवेवर गॅरेज आहे. पेट्रोलचा टँकर रिकामा करून ड्रायव्हर येतो आणि म्हणतो पायरी तुटलीय, दोन टाके मारून दे. टँकर रिकामा असतो, मग हरकत काय? (गॅरेजवाला, मुंबई-नाशिक हायवे)

उत्तर : टाका मारू नका. एकसुद्धा नाही, ओळखीचा ड्रायव्हर असला तरी नाही.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच. टँकर काठोकाठ भरलेला असला तर आत हवाच कमी. रिकामा केला की तळाशी दोन-चार लिटर उरतं, झाकण उघडल्यावर हवा आत जाते आणि नेमकं ते प्रमाण तयार होतं. गॅस भरलेला फुगा असतो ना, तसं समजा, फक्त पत्र्याचा आणि बारा हजार लिटरचा. पाण्याने धुतला, वास येत नाही, असं ड्रायव्हर सांगेल. पण वासावर भरवसा ठेवू नका, नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं, आणि पत्र्याच्या खाचेत, पाईपच्या कोपऱ्यात अडकलेलं पेट्रोल वेल्डिंगच्या उष्णतेने परत वाफ होतं. पेट्रोलियम नियमांप्रमाणे आधी टँकर वाफेने किंवा पाण्याने साफ करून, मीटरने आतली हवा तपासून, अधिकृत माणसाचं गॅस-फ्री सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याआधी वेल्डिंगसारखं गरम काम बंद. पायरी बोल्ट आणि क्लॅम्पने तात्पुरती बसवता येते का बघा, ड्रिल न मारता. नाहीतर त्याला टँकरचंच काम करणाऱ्या वर्कशॉपला पाठवा. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

प्रश्न : घरचा सिलेंडर स्कूटरवर पायात ठेवून आणला तर चालतो का? डिलिव्हरीवाले पण बाईकवरच आणतात. (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : नाही चालत ताई. गॅस सिलेंडर नियमात भरलेला सिलेंडर सायकल किंवा कुठल्याही दुचाकीवरून न्यायला स्पष्ट मनाई आहे. डिलिव्हरीवाले नेतात हे मलाही दिसतं, पण त्याने नियम बदलत नाही. कारमधून आणायची वेळ आलीच तर उभा ठेवा, आडवा नको, कारण आडव्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हपाशी गॅसऐवजी द्रव येतं आणि गळलं तर कितीतरी पट जास्त गॅस बाहेर पडतो. टोपी लावलेली, काचा खाली, सिगारेट नाही, आणि सरळ घरी. वाटेत मंडईत थांबून उन्हात गाडी बंद करून जाऊ नका.

प्रश्न : ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरसाठी पंपावरून ड्रमने डिझेल आणतो, २०० लिटरचा ड्रम. याला लायसन्स लागतं का? पोलीस अडवतात. (शेतकरी, परभणी)

उत्तर : डिझेल कायद्याने वर्ग ब चं पेट्रोलियम. पेट्रोलियम कायदा १९३४ च्या कलम ७ प्रमाणे एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठवायला, न्यायला लायसन्स लागत नाही. म्हणजे तुमचा ड्रम बसतो. पेट्रोलचं तसं नाही, ते वर्ग अ, तिथे विकण्यासाठी नसेल तर एकूण ३० लिटरच, आणि धातूच्या भांड्यात असेल तर एका भांड्यात २५ लिटरपर्यंत. दोन्हीची गल्लत करू नका, पोलिसांचीही होते, कलमाचा नंबर लिहून खिशात ठेवा, पंपाची पावती ठेवा.

ड्रम लोखंडी, बुच घट्ट, वर थोडी जागा सोडून भरलेला, आणि ट्रॉलीत दोराने बांधलेला पाहिजे, नुसता टेकवलेला नाही. खताच्या पोत्यांबरोबर एकाच ट्रॉलीत नको, अमोनियम नायट्रेट असलेल्या खतात डिझेल मुरलं तर ते मिश्रण खाणीत सुरुंगाला वापरतात त्याच जातीचं होतं. आणि ड्रमवर पोरं बसवून आणायची सवय बंद करा. बाकी ड्रममधे डिझेल द्यायचं की नाही हे पंपागणिक बदलतं, जाण्याआधी फोन करून विचारा, हेलपाटा वाचेल.