'ऑरेंज'मधला 'न' कुठे गळाला?

प्रश्न असा होता: 'ऑरेंज' आपल्या 'नारिंग'वरून आला आणि इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' करून त्यातला 'न' घालवला, हे खरं का?

पहिलं खरं आहे. दुसऱ्यात इंग्रजांवर उगाच आळ घेतलाय.

संस्कृत 'नारङ्ग' हाच मुळात द्राविडी भाषांकडून घेतलेला असावा. मल्याळममध्ये आजही लिंबाला 'नारङ्ङ' म्हणतात. पुढे फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज'. अरबांनी झाड सिसिली आणि स्पेनला नेलं. झाड आंबट नारिंगाचं बरं का, गोड जात युरोपात बरीच नंतर आली. स्पॅनिश 'नारांखा'त 'न' शाबूत आहे. पोर्तुगिजांनी त्याचा 'ल' करून 'लारांजा' केलं. गळती झाली ती इटली-फ्रान्सकडे. इटालियनमध्ये 'ऊना' म्हणजे 'एक'. 'ऊना नारांचा' भरभर म्हणून बघा: दोन 'न' जवळजवळ येतात, आणि ऐकणाऱ्याला 'ऊन आरांचा' ऐकू येतं. फ्रेंचांकडे तर 'ओर' म्हणजे सोनं, त्यामुळे त्या पिवळ्याधमक फळाचं 'ओरेंज' व्हायला निमित्तच मिळालं. १४व्या शतकाच्या सुमारास शब्द इंग्रजीत पोचला तो 'न' गमावूनच.

अर्थात इंग्रज काही साळसूद नव्हेत. 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन'चं 'ॲन एप्रन' त्यांनीच केलं. त्याच्याच भावकीतल्या 'नॅपकिन'नं मात्र 'न' सोडला नाही. उलटही झालंय: 'ॲन ईकनेम', म्हणजे जादाचं नाव, त्याचं 'अ निकनेम' झालं.

इंग्रजीत आधी फळ आलं, रंगाला ते नाव १६व्या शतकात मिळालं. जुन्या इंग्रजीत त्या रंगाला 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा जोडशब्द होता. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असून त्याला 'रेडब्रेस्ट' म्हणतात ते त्यामुळेच.

आता डच राजघराण्याच्या नावातलं 'ऑरेंज'. त्याचा फळाशी मुळात संबंध नाही. ते दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाचं नाव, रोमन काळात 'अराउसिओ'. उच्चार जुळला, म्हणून घराण्यानं रंगही उचलला, आणि आज डचांचा फुटबॉल संघ नारिंगी कपड्यांत खेळतो. फळाला मात्र डच 'सिनासआपल' म्हणतात, चीनचं सफरचंद! आपण नाही का मोझांबिकवरून 'मोसंबी' केलं, तसंच.