रोमच्या कारंज्यात आपली गंगा

प्रश्न : ताई, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत ग्रुप टूरने रोमला जाऊन आलो. पियाझ्झा नवोना चौकातल्या मोठ्या कारंज्यावर चार नद्यांचे पुतळे आहेत, त्यातला एक आपल्या गंगेचा असं गाइड म्हणाला. पण तो तर चक्क दाढीवाला पुरुष, हातात वल्हं घेतलेला! गंगामाईचं हे असं कसं झालं? आणि शेजारचा पुतळा समोरचं चर्च अंगावर पडेल म्हणून हात वर करून घाबरलाय म्हणे, हे खरं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, ती आपलीच गंगा. आपल्याला नदी म्हटलं की आईच आठवते, वेरूळच्या 21 नंबरच्या लेण्यात मकरावर उभी असलेली ती डौलदार गंगा ज्यांनी पाहिलीय त्यांना तर हा दाढीवाला बघून धक्काच बसणार. पण रोमन लोकांच्या डोक्यात नदीचा देव म्हणजे धिप्पाड, दाढीवाला, आरामात रेललेला पुरुष. कॅपिटोलिन टेकडीवर जिन्यापाशी नाईल आणि टायबरचे असे प्राचीन पुतळे आजही आहेत. हे कारंजं घडवणाऱ्या बर्निनी या इटालियन शिल्पकाराने तीच जुनी रीत उचलली, आणि तो काही कधी भारतात आला नव्हता, त्याला मकर कुठून माहीत असणार. पुतळ्यांचं घडवणं त्याने वेगवेगळ्या शिल्पकारांकडे दिलं होतं, गंगा केली क्लोद पूसँ नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने. आणि वल्हं अशासाठी की गंगेतून लांबवर नावा चालतात हे युरोपला ऐकून माहीत होतं. मला स्वतःला ही खूण फार आवडते, कारण तिथे पूजेची गंगा नसली तरी नावाड्यांची गंगा आहे, आणि तीही खरीच की.

बाकीच्या तिघांच्याही अशाच खुणा आहेत. नाईलच्या डोक्यावरून कापड ओढलेलं आहे, कारण ती नदी नेमकी उगम कुठे पावते हे तेव्हा युरोपात कुणालाच ठाऊक नव्हतं. दक्षिण अमेरिकेच्या रिओ दे ला प्लाताजवळ नाण्यांची रास, म्हणजे तिकडच्या चांदीची श्रीमंती. डॅन्यूबचा हात पोपच्या राजचिन्हाकडे गेलाय, चौघांत रोमला सगळ्यात जवळची नदी तीच. चार नद्या म्हणजे चार खंड, ऑस्ट्रेलिया तेव्हा त्यांच्या हिशोबातच नव्हता.

आता पुढच्या वेळी गेलात तर मान पूर्ण वर करा, बरेच जण पुतळ्यांचे फोटो काढून निघून जातात आणि मुख्य गोष्टच राहते. मधल्या उंच दगडी खांबाच्या, म्हणजे ऑबेलिस्कच्या, टोकावर एक छोटं ब्राँझचं कबुतर आहे, चोचीत ऑलिव्हची फांदी. हे कबुतर कारंजं बांधवून घेणाऱ्या पोप इनोसंट दहावा याच्या पाम्फिली घराण्याचं चिन्ह, आणि ख्रिस्ती लोकांसाठी पवित्र आत्म्याचंही. खाली चार खंड, वर पोपचं कबुतर. चर्चची सत्ता जगभर आहे हे सांगायला शब्दांची गरजच ठेवली नाही बघा. खांब सम्राट डोमिशियनच्या काळातला, आप्पिया रस्त्यावरच्या मॅक्सेंटियसच्या सर्कसमध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानात, तुकडे होऊन पडला होता तो आणून जोडला. आणि एवढं ग्रॅनाइटचं वजन ज्या खडकावर उभं आहे तो मधून पोकळ आहे, आरपार दिसतं! मला या कारंज्यातलं सगळ्यात धाडसी काम हेच वाटतं.

पण एक बाजू गाइड सहसा सांगत नाहीत. 1648 ते 1651 या काळात हे काम चाललं होतं तेव्हा रोममध्ये खाण्याचे हाल होते, पावावर कर बसवून कारंज्यासाठी पैसा उभा केला, आणि लोकांनी खांबाच्या दगडांवर चिठ्ठ्या चिकटवल्या की आम्हाला कारंजी नकोत, पाव द्या. कारंजं सुंदर आहेच, पण त्या चिठ्ठ्या लिहिणारेही त्याच्या इतिहासात आलेच पाहिजेत.

राहिला हात वर केलेला पुतळा. समोरच्या सांत-आन्येसे चर्चचा वास्तुकार बोरोमिनी हा बर्निनीचा प्रतिस्पर्धी, म्हणून बर्निनीने त्याची खोड काढली अशी ती गोष्ट. पण तारखाच जुळत नाहीत, कारंजं 1651 मध्ये पूर्ण झालं आणि चर्चचं काम सुरूच झालं 1652 मध्ये. नसलेल्या चर्चला कोण घाबरेल? ऐकायला मस्त आहे, पण खरी नाही.

प्रश्न : दंतकथेत रोम वसवणाऱ्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण, तिचा तो ब्राँझचा पुतळा खरंच अडीच हजार वर्षं जुना आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वर्षानुवर्षं तसंच मानत आले, एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन लोकसमूहाचं, काम म्हणून. पण कार्बन चाचण्यांमधून ती अकराव्या-बाराव्या शतकातली असावी असं पुढे आलं, तज्ज्ञांचा वाद अजून चालूच आहे. खालची दोन बाळं मात्र नक्की नंतरची, पंधराव्या शतकाच्या अखेरीस जोडलेली. नीट बघितलंत तर लक्षात येईल, लांडगिणीच्या मानेवरचे केस अगदी शिस्तीत कोरलेले, गोल गोल कुरळे, आणि बाळं एकदम गुबगुबीत, हा हातच वेगळा. कॅपिटोलिन टेकडीवर बाहेर खांबावर आहे ती प्रतिकृती, मूळ लांडगीण आत कॅपिटोलिन म्युझियममध्ये आहे, त्यामुळे तिकीट काढून आत जा.