वाचक विचारतात : स्विच बंद, तरी बल्ब मिणमिणतो

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात पिवळे बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लावले. जिन्यातला बल्ब स्विच बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. न्हाणीघरात काचेच्या बंद गोळ्यात लावलेले दोन बल्ब सहा महिन्यांत गेले. बल्बच खराब लागले का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बल्बला दोष देण्याआधी वायरिंग तपासा. जुन्या घरांत पुष्कळदा स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसवलेला सापडतो. मग स्विच बंद करूनही फेज होल्डरपर्यंत येतच राहतो. थोडासा करंट झिरपला तरी ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची तार तापत नसे, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. ही जोडणी धोक्याची आहे, कारण स्विच बंद आहे या भरवशावर बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसू शकतो.

तपासायचे असे : मेन बंद करून बल्ब काढा. जिन्याचा स्विच बंदच ठेवून मेन चालू करा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. टेस्टर लख्ख पेटला तर फेज थेट येतो आहे. पुन्हा मेन बंद करा आणि वायरमनकडून फेज स्विचमधून फिरवून घ्या.

टेस्टर पेटला नाही किंवा मंदच पेटला, तर स्विचमध्ये बंद असताना उजळणारा बारीक दिवा आहे का ते पाहा. त्याचा करंट बल्बमधूनच जातो. तसा दिवाही नसेल आणि जिन्याला वर-खाली असे टू-वे स्विच असतील, तर लांबवर एकमेकींच्या शेजारून गेलेल्या वायरीच दोषी; एकीतून दुसरीत थोडा करंट झिरपतो. वायरमनला होल्डरवर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा ‘एक्स-२’ कपॅसिटर जोडायला सांगा. पंख्याचा कपॅसिटर इथे लावू नये.

न्हाणीघरातले बल्ब बहुधा उष्णतेने गेले. एलईडीच्या बुडात ड्रायव्हर (त्याला हवी तशी वीज पुरवणारे सर्किट) असतो आणि त्यातला कपॅसिटर साधारण दर १० अंश वाढीला निम्मे आयुष्य गमावतो. बंद गोळ्यात गरम हवा कोंडते. तिथे ५ वॅटचा लावा, किंवा बंद फिटिंगला चालतो असे खोक्यावर छापलेला घ्या. होल्डरच्या पिना काळ्या पडल्या असतील वा स्प्रिंग ढिली असेल, तर होल्डरही बदला. ढिल्या पिनेवरच्या ठिणग्या ड्रायव्हरला सोसत नाहीत.

प्रश्न : देवघरातला झिरो बल्ब चोवीस तास चालू असतो. तो बदलून काही फरक पडेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : सगळ्यात आधी तोच बदला. ‘झिरो’ हे नुसते नाव. जुना काचेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॅट खातो. १५ वॅट, २४ तास, ३० दिवस म्हणजे महिन्याला १०.८ युनिट. दिवाणखान्यातला ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तरी ९ युनिटच होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब तेवढ्याच वेळात ०.३६ युनिट घेतो. देवापुढे पिवळसर उजेड हवा असेल तर ‘वॉर्म व्हाइट’ मागा.

प्रश्न : जुनी ट्यूब आणि सीएफएल यांचे काय करावे?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : ४० वॅटची ट्यूब चोक धरून पन्नासच्या आसपास घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते, पण खोक्यावर २००० ल्युमेन (उजेडाचे माप) छापलेले पाहूनच घ्या. जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची असेल, तर सोबतच्या आकृतीप्रमाणेच वायरी जोडा. चोक आणि स्टार्टरचे काय करायचे, तेही तिच्यातच कळते.

सीएफएलमध्ये आणि जुन्या ट्यूबमध्येही थोडा पारा असतो. फुटल्यास पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबा. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला, चुरा चिकटपट्टीने टिपा. झाडू फिरवला की पारा पसरतो. सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर चिठ्ठी चिकटवा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता, आत काय आहे ते सांगून घंटागाडीवर द्या.