साताऱ्यात राहून मास्टरिंगचा स्टुडिओ चालवता येईल का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स झालाय, घर साताऱ्यात आहे, वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली रिकामी आहे आणि हाताशी दोन-अडीच लाख आहेत. त्यात फक्त मास्टरिंगचा, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवायचा, स्टुडिओ टाकला तर चालेल का, आणि पैसे कशावर घालायचे? मी सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला, असाच एकट्याचा स्टुडिओ चालवतो, म्हणून लिहितोय.

चालतो. फक्त त्या दहा बाय दहात टाकू नका.

दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो आणि घुमत राहतो. रुंदीही दहाच असेल तर तोच सूर आडवाही घुमतो. आपल्याकडे स्लॅबही बहुतेक वेळा दहा फुटांच्या आसपास असतो, म्हणजे वर-खालीसुद्धा तोच. ढोलाचा आणि बेसचा सगळा जीव याच पट्ट्यात असतो. अशा खोलीत खुर्ची मधोमध ठेवली तर बेस गायब होतो, भिंतीकडे सरकवली तर फुगतो. मास्टरिंगवाल्याकडे येते ती तयार मिक्सची, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवलेल्या गाण्याची, एकच स्टिरिओ फाइल, आणि तिच्यावर अर्ध्या-एक डेसिबलचे निर्णय घ्यायचे असतात. खोलीच दहा डेसिबलने फसवत असेल तर ते अर्धे डेसिबल कशाच्या जोरावर ठरवणार?

घरातली लांबट खोली मागून घ्या, मग ती हॉलची का असेना. घरच्यांशी भांडण होईल, पण हे भांडण एकदाच होतं. स्पीकर आखूड भिंतीला लावा आणि बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर धरा. तिथून पुढे-मागे करत ऐकायचं.

आता खर्च. निम्मे पैसे भिंतींवर घाला. दुकानात मिळणारे काळे टोकदार फोम घेऊ नका आणि अंड्यांचे ट्रे तर नकोच. त्यांनी फक्त वरचा आवाज दबतो, खोली मंद वाटते आणि बेसचा गोंधळ आहे तसाच राहतो. कारखान्यांना इन्सुलेशनचा माल पुरवणाऱ्याकडून रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब आणा, घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचे. आमच्याकडे कुपवाड एमआयडीसीच्या निमित्ताने असे पुरवठादार आहेत, तुमच्याकडेही एमआयडीसी आहेच. सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, वर साधं सुती कापड ताणा. कोपऱ्यांत जितकं जाड बसेल तितकं बसवा, किमान सहा इंच, आणि मागे भिंतीपासून थोडी मोकळी जागा सोडा. ही मोकळी जागा बेससाठी लागतेच, पण साताऱ्याच्या पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते तेव्हाही तीच कामी येते. पुराची भीती तुम्हाला नाही, आम्हाला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. त्यामुळे सांगलीत कुणी स्टुडिओसाठी जागा दाखवली की मी आधी मजला विचारतो.

खोली झाली की आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा माइक घेऊन आलेख काढा. त्यात ५० ते १५० हर्ट्झमधले डोंगर आणि खड्डे दिसतील. डोंगर रॉकवूलने बऱ्यापैकी उतरतात. खड्डा इक्वलायझरने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरायला जाऊ नका, तो भरत नाही, उगाच ॲम्प्लिफायर दमतो.

साउंडप्रूफिंगच्या नादाला लागू नका. मास्टरिंगला माइक उघडा ठेवायचा नसतो, त्यामुळे बाहेरून रिक्षा गेली तर जाऊ दे. मिरवणुकीच्या दिवसांत मी सरळ काम बंद ठेवतो. त्या आवाजापुढे कुठलाही दरवाजा टिकत नाही.

बाकीचं थोडक्यात. स्पीकरची एक चांगली जोडी, मागून उघडा एक हेडफोन, नीट ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी पेटी). सॉफ्टवेअरला रीपर पुरतं, छोट्या धंद्यासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला मिळतो. लाउडनेस मोजायचं मीटरही फुकट मिळतं. एक चांगला लिमिटर (ठरलेल्या पातळीवर जाणारी शिखरं दाबणारा) आणि एक चांगला इक्वलायझर विकत घ्या आणि वर्षभर तेवढेच वापरा. जुनी जड यंत्रं फोटोत छान दिसतात, पण या बजेटमध्ये त्यांचा विचार नको. अर्थिंग मात्र खात्रीच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट असला म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, आणि ५० हर्ट्झचा हम ऐकत बसून कुणाचंच भलं होत नाही. यूपीएस लागेलच.

आता खरा प्रश्न कामाचा. मुंबईचं मोठं काम सुरुवातीला येणार नाही, ते सोडून द्या. जे येईल ते आपल्याच भागातलं असेल, आणि ते आपल्यालाच नीट कळतं. यात्रेची गाणी, भजनं, गणपतीची गाणी, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, आषाढीच्या आधी अभंग, यूट्यूब चॅनेलवाल्यांची लव्ह साँग. ही गाणी वाजतात कुठे ते बघा. उसाच्या ट्रॅक्टरवर, मंडपात, डॉल्बीवर, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर. मी प्रत्येक गाणं मोनोत (डावा-उजवा एकत्र करून) ऐकतो, कारण मंडपातल्या दोन्ही खांबांवर बहुतेक वेळा एकच आवाज जोडलेला असतो. कीबोर्डवाल्याने प्रेमाने पसरवलेले रुंद सूर मोनोत कधीकधी पूर्ण नाहीसे होतात. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मी मधोमध आणतो.

आवाजाच्या पातळीवरून गिऱ्हाइकाशी वाद होणारच. ती मोजतात एलयूएफएसमध्ये, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं गाणं मोठं. स्पॉटिफाय गाणी उणे १४ एलयूएफएसला समान करतं, ॲपल म्युझिक उणे १६ ला, आणि यूट्यूबही मोठं गाणं खाली ओढतं. तुम्ही उणे ७ चं गाणं दिलंत तर स्पॉटिफाय ते सात डेसिबल खाली घेणार, आणि लिमिटरने चेपलेलं ते चेपलेलंच राहणार. पुस्तकात इथपर्यंत असतं. पण ट्रॅक्टरवाल्याचा पेनड्राइव्ह काहीच समान करत नाही. तिथे पुढचं गाणं मोठं वाजलं की आपलं बारीक ठरतं आणि गायकाचा फोन येतो. म्हणून मी दोन मास्टर देतो. एक स्ट्रीमिंगसाठी, उणे ११-१२ च्या आसपास, ट्रू पीक (सगळ्यात उंच शिखर) उणे १ वर, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर उसळतात. दुसरं पेनड्राइव्हसाठी, उणे ८ च्या जवळ. मुंबईतले काही मित्र यावर नाक मुरडतात. मुरडू देत, त्यांना ट्रॅक्टरवाल्याचा फोन येत नाही.

तरी एका वाद्यासाठी मी हटून बसतो. हलगी. तिच्या काडीचा फटका इतका टोकदार असतो की लिमिटर सगळ्यात आधी त्याचाच बळी घेतो. फटका गेला की हलगी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते आणि गाण्यातली कडक गेली असं लोक म्हणतात, कारण मात्र कुणाला सांगता येत नाही. अशा गाण्यात पातळी एक-दीड डेसिबल कमी ठेवून फटका वाचवतो. मंडपात ते गाणं त्या आकड्यापेक्षा मोठंच वाटतं.

शास्त्रीय गाण्याचं याच्या अगदी उलट. मिरज शेजारी असल्यामुळे ते कामही अधूनमधून येतं. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची दाट जाळी. तिच्यावर मल्टिबँड कम्प्रेसर (आवाजाचे पट्टे वेगवेगळे दाबणारा) लावला तर गायक थांबला की तानपुरा वर येतो आणि गायला लागला की खाली बसतो, जणू कुणीतरी बटण फिरवतंय. तिथे मी कम्प्रेसर लावतच नाही, आणि पातळी उणे १८ ला राहिली तरी राहू देतो. वेळ काढून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक दुपार बसून या. घोडीवर कानस फिरवून, तारेखालचा धागा सरकवून कारागीर जवारी कशी जुळवतात ते बघा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुम्ही ऐकायचं शिकायला जा.

पैशाचं बोलू. मी एका गाण्याचे दीड ते अडीच हजार घेतो. निम्मे आधी, फाइल पूर्ण पैसे आल्यावर, दोन दुरुस्त्या त्यातच. काम हंगामी आहे. आषाढीपासून नवरात्रीपर्यंत झोप नसते आणि दिवाळीनंतर फोन वाजत नाही. त्या रिकाम्या दिवसांत मी जुन्या कॅसेट डिजिटल करून देतो. गावोगावच्या भजनी मंडळांकडे, कीर्तनकारांच्या घरी त्या ढिगाने पडल्यात. प्रत्येक कॅसेटला हेडचा ॲझिमथ स्क्रू (टेपवर हेड किती तिरकं बसतं ते ठरवणारा) फिरवून वरचा आवाज उघडेपर्यंत जुळवून घ्या, मगच रेकॉर्ड करा. नंतर सॉफ्टवेअरने ती धार परत आणता येत नाही. टेपचा हिस्स (सरसर आवाज) जरा राहू द्या, तो पूर्ण पुसला की आजोबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तुम्हाला काही वर्षं तरी त्याची काळजी नको.

आपोआप मास्टर करणाऱ्या वेबसाइट धंदा खातील का, हेही तुम्ही विचारलंय. स्वस्तातलं काम त्या खातातच, नाकारण्यात अर्थ नाही. पण गायिकेचा आवाज ढोलकीखाली गाडला गेलाय, मिक्स परत करून आणा, असं त्या सांगत नाहीत. मी सांगतो, आणि फोनवर पाच मिनिटांत कोणता ट्रॅक किती खाली घ्यायचा तेही सांगतो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही. विटा, इस्लामपूर, कराडचे रेकॉर्डिंगवाले माझ्याकडे टिकलेत ते यामुळेच. सुरुवातीला फक्त मास्टरिंगवर पोट भरणार नाही, थोडं मिक्सिंगही घ्या. पण स्वतः मिक्स केलेलं गाणं स्वतः मास्टर करायची वेळ आली तर मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या.

हॉल मिळाला तर त्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहून खाली टाका. दारं-खिडक्या कुठल्या भिंतीला आहेत तेही लिहा. टेबल कुठे लावायचं आणि किती स्लॅब लागतील ते सांगतो.