डायरी भिजली, आता काय घेऊ?

प्रश्न : मी विम्याचं काम करतो, कोथरूड ते हडपसर स्कूटरवर फिरणं, परवाच्या पावसात डिकीतली डायरी भिजून अर्धे नंबर गेले. स्वस्तातला डिजिटल ऑर्गनायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डायरी, कोणता घेऊ? आधी कधी वापरलेला नाही.

उत्तर : काका, पहिल्यांदाच घेताय तर रंगीत स्क्रीनच्या नादी लागू नका. २००२ साली आलेला पाम झायर जुन्या बाजारात मिळाला तर बघा, अमेरिकेत ९९ डॉलर किंमत होती, मेमरी २ एमबीच, पण पत्ते, भेटी आणि कामांची यादी याला रग्गड झाली. स्क्रीन काळी-पांढरी आणि मागे लाईट नाही, त्यामुळे अंधाऱ्या जिन्यात उभं राहून नंबर वाचायचा तर पंचाईत.

लिहायचं काडीने, ग्राफिटी नावाच्या लिपीत, म्हणजे रोमन ए काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायचीच नाही, नुसता उलटा व्ही, चार-आठ दिवस चिडचिड होते मग हात बसतो. खरी गोम वेगळीच आहे, बॅटरी पार उतरली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून चार्जिंग विसरू नका आणि कॉम्प्युटरला जोडून हॉटसिंक करत जा, म्हणजे आतल्या माहितीची प्रत तिथे राहते, घरी कॉम्प्युटर नसेल तर मी म्हणेन सरळ नवी डायरी घ्या, आणि हो, प्लॅस्टिकची पिशवी दोन्हीला लागणारच!