जुन्या सीएनसी एनग्रेव्हिंग मशीनचा कंट्रोलर गेलाय. तोच दुरुस्त करावा की सगळी इलेक्ट्रॉनिक्स नवीन बसवावी?

तुम्ही लिहिलंय की मशीनची फ्रेम, स्क्रू आणि मोटर चांगल्या आहेत, फक्त कंट्रोल बोर्ड बंद पडलाय आणि त्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं आहे. अशा वेळी मी बोर्डाच्या दुरुस्तीच्या नादी लागणार नाही. तो सुरू झाला तरी त्याच जुन्या कॉम्प्युटरला बांधलेला राहणार आणि पुढच्या खेपेला कॉम्प्युटर जाणार. नवीन बसवा. मात्र कंट्रोलर कोणता घ्यायचा, हे सगळ्यात शेवटी ठरवा. लोक वाद घालतात ते कंट्रोलरवर. प्रत्यक्षात रात्री जागवतात त्या मोटर, पॉवर सप्लाय आणि वायरिंग.

खर्च करण्याआधी मशीन खरंच चांगलं आहे का ते बघून घ्या. स्पिंडलला (कोरणारं हत्यार फिरवणाऱ्या भागाला) डायल गेज लावा आणि हाताने दोन्ही बाजूंनी दाबा. काटा हलून परत येत नसेल तर नट किंवा बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. जीआरबीएल या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना ढिलेपणात वाया जाणारी हालचाल, भरून काढायची सोयच नाही. लिनक्ससीएनसी आणि माक३ या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तीसुद्धा झिजलेल्या नटाला पर्याय नव्हे.

आता मोटर. तुमच्या मशीनच्या वयावरून ती स्टेपर, म्हणजे पाऊल-पाऊल फिरणारी मोटर असणार आणि तिला सहा किंवा आठ वायर असण्याची शक्यता जास्त. पॅनेलमध्ये सिमेंटचे जाडजूड, तापणारे रेझिस्टर दिसले तर जुनी ड्राइव्ह युनिपोलर, म्हणजे एका वेळी अर्धीच कॉइल वापरणारी होती असं धरा. ते रेझिस्टर काढून टाका. हल्लीचे ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारे बोर्ड, करंट स्वतःच आवरतात. मोटर मात्र फेकू नका. सहा वायरच्या मोटरमध्ये मधली वायर आणि एक टोक वापरलं की अर्धी कॉइल मिळते. लेबलवरचा करंट तसाच ठेवायचा. दोन्ही टोकं वापरली तर पूर्ण कॉइल मिळते, करंट साधारण ०.७ पट ठेवायचा. तेव्हा हळू चालताना जोर वाढतो, पण इंडक्टन्स चौपट होतो आणि वेगात मोटर धापा टाकते. कोरीवकामात सतत छोट्या, झटपट हालचाली असतात, म्हणून मी अर्धी कॉइल घेतो. कोणत्या दोन वायर एका कॉइलच्या हे मल्टिमीटर सांगतोच. मल्टिमीटर हाताशी नसेल तर दोन वायर एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवा; जड लागला तर जोडी जमली.

पॉवर सप्लायचं व्होल्टेज किती हवं यासाठी एक जुना ठोकताळा आहे: मोटरच्या इंडक्टन्सचं मिलिहेन्रीतलं वर्गमूळ गुणिले ३२. म्हणजे २ मिलिहेन्रीला साधारण ४५ व्होल्ट. ही वरची मर्यादा, गाठलीच पाहिजे असं नाही. मशीनमधला जुना ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा उत्तम निघतो, तो ठेवा. फक्त लक्षात घ्या की ३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन कपॅसिटरवर ४२ व्होल्टच्या आसपास जातो, आणि मेन्सचं व्होल्टेज वाढलं की त्याहून वर. डीएम५४२ जातीच्या ड्रायव्हरची हद्द ५० व्होल्ट आहे, त्यामुळे इथे हात आखडता घेतलेला बरा. जुने कपॅसिटर मशीन बंद केल्यावरही भरलेले असतात; आधी मोजा, मग हात घाला. आणि वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही ओढू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जाऊ शकतो.

मायक्रोस्टेप म्हणजे मोटरच्या एका पावलाचे ड्रायव्हरने केलेले बारीक तुकडे. त्यांचा हव्यास नको. ५ मिमी पिचचा स्क्रू, २०० स्टेपची मोटर आणि ८ मायक्रोस्टेप धरले तर दर मिलिमीटरला ३२० पल्स (दर मायक्रोस्टेपला कंट्रोलरकडून एक) होतात. मिनिटाला ३००० मिमी वेगाने सेकंदाला १६ हजार. आर्डुइनो उनो बोर्डावरचं जीआरबीएल साधारण ३० हजारांपर्यंत झेपवतं. हेच १६ मायक्रोस्टेप केलंत की आकडा ३२ हजारांवर जातो, आणि कामात फरक काही दिसत नाही.

एक भानगड मात्र अशी आहे की ती पटकन सापडत नाही. ड्रायव्हर पल्सच्या एका ठरावीक कडेवर, म्हणजे व्होल्टेज चढताना किंवा उतरताना, पाऊल टाकतो. कंट्रोलर त्याला उलटी कडा देत असेल तर मशीन चालतं, आवाजही नीट येतो, पण दिशा उलटताना एखादा मायक्रोस्टेप इकडचा तिकडे होऊ शकतो. एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००३ मिमी, डोळ्याला दिसणारच नाही. पण नावाच्या पाटीत दिशा शेकडो वेळा उलटते आणि शेवटची अक्षरं पहिल्यांच्या रांगेत राहत नाहीत. लोक कपलिंग आवळत बसतात. सरकणं नेहमी एकाच बाजूला आणि काम वाढेल तसं वाढत असेल तर आधी पल्सची पोलॅरिटी उलटून बघा. तपासायचं कसं? स्पिंडलच्या जागी पेन बांधा, एक ठिपका काढा, भरपूर वळणांची नक्षी काढू द्या आणि परत शून्यावर बोलवा. पेन त्याच ठिपक्यावर उतरलं पाहिजे.

कंट्रोलरचं म्हणाल तर तीन अक्षांच्या साध्या मशीनला जीआरबीएल पुरतं. त्याच जातीचे ३२ बिटवाले ग्रबलहॅल किंवा फ्लुइडएनसी घेतलेत तर बोर्डाचं आउटपुट ३.३ व्होल्टचं आहे का ते बघा. ५ व्होल्टच्या ड्रायव्हरला ते काठावर पडतं, मध्ये सिग्नल ५ व्होल्टला नेणारा बफर हवा. मोटरवर एन्कोडर (मोटर किती फिरली ते कळवणारा सेन्सर) असेल, म्हणजे सर्व्हो असेल, तर सरळ लिनक्ससीएनसी आणि मेसा कंपनीचं कंट्रोल कार्ड.

सेटिंग करताना सगळे जास्तीत जास्त वेगाच्या मागे लागतात. एनग्रेव्हिंगला अ‍ॅक्सिलरेशन महत्त्वाचं. २ मिमीच्या रेघेत मशीन निम्म्यापर्यंत वेग घेतं, मग थांबायला लागतं. अ‍ॅक्सिलरेशन १०० मिमी/सेकंद² असेल तर तेवढ्यात ते मिनिटाला साधारण ८५० मिमीपर्यंत पोचतं, ४०० केलं तर १७०० पर्यंत. कमाल वेग ५००० लिहून ठेवलात तरी बारीक अक्षरांत तो कधी गाठलाच जाणार नाही.

व्ही-बिटने, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार हत्याराने, कोरणार असाल तर खोलीतला फरक रुंदीत दिसतो: ९० अंशांच्या बिटला पत्रा ०.१ मिमी वर-खाली असला की रेघ ०.२ मिमीने जाड-बारीक होते. जुन्या मशीनवर यासाठी मटेरियलवर टेकून चालणारं नोज असायचं. ते असेल तर काढू नका. नसेल तर बीसीएनसी किंवा कँडल या जीआरबीएल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोबने (टेकल्याचं कळवणाऱ्या सेन्सरने) पृष्ठभागाचा नकाशा घेता येतो.

स्पिंडल बदलून हायस्पीड आणणार असाल तर व्हीएफडीची (स्पिंडलला वीज देऊन तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) सेटिंग स्पिंडल जोडण्याआधी करा. २४ हजार आरपीएमची स्पिंडल ४०० हर्ट्झवर पूर्ण व्होल्टेज मागते. तिला ५० हर्ट्झलाच तेवढं दिलंत तर जळते. हाच व्हीएफडी लिमिट स्विचच्या वायरीत गोंधळ घालतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं ठेवणारे), केबल शील्डेड, शील्ड एकाच टोकाला अर्थ, इनपुट शक्यतो २४ व्होल्टचे ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणाऱ्या भागातून). इमर्जन्सी बटण नुसतं कंट्रोलरच्या पिनला जोडून भागत नाही. त्याने कॉन्टॅक्टर (मोठा रिले) पडून स्पिंडल आणि ड्रायव्हर दोन्हींचा पुरवठा तुटला पाहिजे.

जुनी डिझाइन्स पीएलटी फाइलमध्ये असतील तर ती वाया जात नाहीत. त्या फाइलींच्या एचपीजीएल भाषेत एक मिलिमीटर म्हणजे ४० युनिट, त्यामुळे जी-कोडमध्ये (नवा कंट्रोलर वाचतो त्या आज्ञांमध्ये) बदलणं सोपं आहे.

मोटरला किती वायर आहेत आणि लेबलवर करंट किती लिहिलाय तेवढं कळवा, म्हणजे ड्रायव्हरचं नेमकं सांगता येईल.