कार्यकर्त्यांना आपल्या मुद्द्याची गोष्ट सांगायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटातल्या मुलामुलींना आकडे तोंडपाठ आहेत, कळकळही आहे, पण ती बोलायला उभी राहिली की समोरची माणसं मोबाइल काढतात. मी कार्यकर्त्यांची शिबिरं घेते, तिथे हे सतत दिसतं. बहुतेकांना वाटतं, गोष्ट म्हणजे दुःखाचं वर्णन आणि ते जितकं गडद तितकं बरं. मला हे अजिबात पटत नाही. नुसतं दुःख ऐकून माणूस हळहळतो आणि घरी जातो. गोष्टीत कुणीतरी काहीतरी ठरवावं लागतं. तो क्षण शोधायला शिकवा. आवाज, हातवारे वगैरे नंतर बघता येतं.

एका सत्रात दूषित पाण्याच्या प्रश्नावर काम करणारी एक मुलगी बोलत होती. "आमच्याकडचं पाणी पिण्यायोग्य नाही, प्रशासन दुर्लक्ष करतंय, आम्ही वारंवार निवेदनं दिली." सगळं खरं, पण हे कुठल्याही भागाबद्दल कुणीही म्हणू शकलं असतं. मी विचारलं, "तुला स्वतःला पहिल्यांदा कधी जाणवलं?" ती जरा थांबली. धाकट्या भावाचं पोट सारखं दुखायचं म्हणून आई नळाला फडकं बांधायची. एकदा ते सोडलं तर आतून काळं, चिकट. आई धुवायला निघाली. "मग?" "मी धुवू दिलं नाही. तसंच पिशवीत घातलं आणि कार्यालयात साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं." हे सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं! खोलीतले सगळे मात्र पुढे सरकून ऐकत होते.

म्हणून मी विचारत राहते: तेव्हा तू कुठे होतीस, काय दिसलं, तुझ्यापुढे कोणते मार्ग होते, त्यातला हाच का घेतलास? उत्तरात 'शोषण', 'व्यवस्था', 'जनजागृती' असे शब्द आले की तिथेच थांबवते आणि म्हणते, हे डोळ्यांना कसं दिसलं ते सांग.

मार्शल गँझ यांनी अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या संघटनेत सेझार चावेझ यांच्याबरोबर १६ वर्षं काम केलं आणि पुढे हार्वर्डमध्ये हाच विषय शिकवला. माझी गोष्ट, आपली गोष्ट, आत्ताची गोष्ट अशी त्यांची मांडणी आहे. ओबामांच्या २००८च्या प्रचारात स्वयंसेवकांना ती शिकवली गेली. शिबिरांत पहिला भाग सगळ्यांना आवडतो, तिसरा, म्हणजे ऐकणाऱ्याने आत्ता काय करायचं ते सांगणारा, मात्र उरकला जातो. "आम्हाला पाठिंबा द्या" म्हटल्यावर ऐकणाऱ्याने नेमकं काय करायचं? "शनिवारी सकाळी दहा वाजता पाण्याचे नमुने घ्यायला चला" म्हटलं तर त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

आकडे टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पण ते कुठे येतात याला महत्त्व आहे. स्मॉल, लोवेनस्टाईन आणि स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना देणगी मागितली. एकाच मुलीची माहिती दिली तेव्हा सरासरी २.३८ डॉलर मिळाले, नुसती आकडेवारी दिली तेव्हा १.१४, आणि दोन्ही एकत्र दिलं तेव्हा १.४३. म्हणजे आकड्यांची भर घातल्यावर देणगी उलट घटली. मी तरी आधी गोष्ट पूर्ण होऊ देते, आकडे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवते.

दारोदार जाणाऱ्यांना मात्र सांगण्याइतकंच ऐकायलाही शिकवावं लागतं. ब्रूकमन आणि काला यांनी मायामीत केलेल्या अभ्यासात (२०१६) कार्यकर्ते ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल मतदारांशी साधारण दहा मिनिटं बोलले. वाद न घालता, "तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून वाईट वागवलंय का?" अशा प्रश्नांतून त्यांनी मतदारांनाच स्वतःचा अनुभव आठवायला लावला. पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. घरी सराव करायचा तर जोड्या लावा. एकाने दोन मिनिटं सांगायचं. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, डोळ्यांपुढे काय उभं राहिलं तेवढंच सांगायचं. काहीच उभं राहिलं नसेल तर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून.

एका गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून निसटून आले आणि तिच्याविरुद्ध व्यासपीठावरून बोलू लागले, तेव्हा त्यांच्याच बाजूचे लोक म्हणत की तुम्ही फक्त घडलेलं सांगा, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघतो. डग्लसना ते जाचायचं आणि १८५५च्या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहून ठेवलं. आजही संस्था नकळत हेच करतात. पीडित बाईला रडण्यापुरतं उभं करतात आणि मागण्या दुसराच कुणी वाचतो. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. कुठला भाग सांगायचा नाही हे तिने ठरवावं, व्हिडिओ काढायचा की नाही हेही तिनेच. सभेच्या आदल्या दिवशी ती नको म्हणाली तर कारण न विचारता दुसरी गोष्ट घ्या. आणि ती बोलायला तयार असेल तर मागण्याही तिलाच मांडू द्या.